पॅरामीटर १७

माझ्याकडे एक कंप्रेसर आहे. आवाजातला चढउतार आवरणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. उतारवयातल्या गळ्याला तो फार मानवतो. श्वास अपुरा पडून ओळीच्या शेवटी आवाज खाली जायला लागला की तो हलकेच वर उचलून धरतो, आणि ऐकणाऱ्याला कुणी हात लावल्याचं कळत नाही. अभंगांच्या कामासाठी म्हणून मी तो स्वतःच्या पैशांनी विकत घेतला. घरी आलो, ट्रॅकवर टाकला, पॅरामीटरांची यादी उघडली आणि खालच्या बाणाची कळ दाबायला लागलो. स्क्रीन रीडर बोलू लागला. पॅरामीटर १, पाच. पॅरामीटर २, पाच. पॅरामीटर ३, पाच. असे तेवीस. एकालाही नाव नव्हतं.

मी जन्मतः अंध आहे. पुण्यात दोन खोल्यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करतो. भजनी मंडळं, नाट्यगीतं, कधी बोलती पुस्तकं. तबला शिकत होतो, त्यातून या कामाकडे वळलो. माझं सगळं काम की-बोर्डवर चालतं, माउसला मी हात लावत नाही.

डोळस माणसाला त्या कंप्रेसरमध्ये काय दिसतं ते माझ्या आत्येभावाने मला सांगितलं. करड्या पत्र्याचा दर्शनी भाग, मोठाले काळे नॉब, सुईचा मीटर. चारही कोपऱ्यांत स्क्रू, आणि एका स्क्रूला गंजसुद्धा चढलेला. गंज कुणीतरी मन लावून रंगवला होता. प्रत्येक नॉबखाली नाव छापलेलं होतं, पण ते चित्राचा भाग होतं. स्क्रीन रीडर चित्र आपणहून वाचत नाही. त्याला सॉफ्टवेअरने आतून नाव सांगावं लागतं. ज्याने हे बनवलं त्याने आतल्या नावाच्या जागी नुसते आकडे सोडून दिले होते. मी त्या कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

हे असं का होतं ते समजायला मला बरीच वर्षं लागली. १९९६ मध्ये श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी ही पद्धत आणली. तिच्यामुळे एकाने बनवलेला इफेक्ट दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायला लागला. मूळ सॉफ्टवेअर इफेक्टला विचारतं, तुझ्याकडे पॅरामीटर किती, पाचव्याचं नाव काय, त्याची आत्ताची किंमत काय. इफेक्टने उत्तर द्यायचं. या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांत नावासाठी जागा होती फक्त आठ अक्षरांची, तीही इंग्रजी. अनेकांनी हा नियम मोडून लांब नावं दिली, काहींनी नावं इतकी तोडली की ऐकून काहीच बोध होऊ नये, आणि काहींनी ती द्यायचीच सोडली. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत १२८ अक्षरांची सोय झाली. पण जागा वाढली म्हणून नाव लिहिण्याची सवय लागली असं नाही. स्क्रीनवर चित्र आहे, माणूस बघून फिरवेल, हे गृहीतच धरलेलं असतं.

मी रीपर वापरतो. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचंच हे पुढचं काम. त्यात स्वतःच्या स्क्रिप्ट लिहिता येतात, लुआ किंवा पायथनमध्ये, आणि त्याला ओसारा नावाचं एक विनामूल्य जोडसॉफ्टवेअर आहे, जे रीपरमध्ये काय घडतंय ते स्क्रीन रीडरला सांगत राहतं. ते जेम्स तेह यांनी उभं केलं. ऑस्ट्रेलियातले मायकल करन आणि जेम्स तेह हे दोघे अंध मित्र लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटले होते. करन यांनी २००६ मध्ये एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला आणि तेह त्यांना येऊन मिळाले. आज मी पोट भरतो ते त्या दोघांच्या कामावर. ओसारा हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला ओसरीच ऐकू आली. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात मी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पावलांवरून माणूस ओळखायचो. त्यामुळे ते नाव मला परकं वाटलंच नाही.

पण ओसारा फक्त तेच सांगू शकतं जे इफेक्ट त्याला सांगतो. इफेक्टने ‘पॅरामीटर १७’ म्हटलं की ओसाराही तेच म्हणणार.

सुरुवातीला आत्येभाऊ रविवारी यायचा. तो नॉब फिरवायचा, मी यादीत कुठला आकडा बदलला ते ऐकायचो.

“दादा, हा बघ, इनपुट. फिरवतोय.”

“एक नंबर हलला.”

“आता अटॅक.”

“थांब, लिहू दे.”

ब्रेल पाटीवर कागद लावून मी टोचत जायचो. अशी सहा-सात इफेक्टांची नावं आम्ही लिहून काढली. जाड कागदांचा तो गठ्ठा अजून माझ्या खणात आहे. मग त्याला बंगळूरला नोकरी लागली. हा कंप्रेसर तेव्हाच आला. नॉब आणि गंजाचं वर्णन त्याने व्हिडिओ कॉलवर करून दिलं, पण लांबून नॉब फिरवणं काही जमेना.

एनव्हीडीएमध्ये एक सोय आहे. एनव्हीडीएच्या कळीबरोबर ‘आर’ दाबलं की स्क्रीनवरच्या चित्रातला मजकूर ओळखून वाचला जातो. मी ते दाबलं आणि कंप्रेसरच्या चेहऱ्यावरचे शब्द मला ऐकू आले. त्यांत इनपुट, थ्रेशोल्ड, अटॅक, रिलीज, आउटपुट हेही होते. इतके दिवस बंद असलेल्या खोलीतून कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं. मी लगेच एक स्क्रिप्ट लिहिली. चित्रातले शब्द ज्या क्रमाने आले, त्या क्रमाने ती पॅरामीटरांना नावं देत जायची. पॅरामीटरला टोपणनाव देण्याची सोय रीपरमध्ये आहेच. पहिली तीन नावं मी कानाने तपासली. तिन्ही बरोबर होती. पुढची तपासली नाहीत.

त्या महिन्यात एका बुवांचे अभंग मुद्रित करत होतो. वय बहात्तर, पट्टी काळी एक, आवाजाला अजून धार. कंप्रेसर त्यांच्या गळ्यावर लावलेला होता आणि तोच आवाज त्यांच्या हेडफोनमध्ये परत जात होता. दुसऱ्या अंतऱ्यानंतर ते थांबले.

“आवाज जरा दाबल्यासारखा येतोय हो. मोकळा करा थोडा.”

बरोबर बोलत होते. कंप्रेसर आवाज दाबून धरत होता आणि वेळेवर सोडत नव्हता. सोडण्याचा वेग ठरवतो तो रिलीज. माझ्या यादीत नववा पॅरामीटर ‘रिलीज’ होता. बुवा पुन्हा गायला लागल्यावर मी तो पाचवरून आठवर नेला.

तो रिलीज नव्हता. आउटपुट होता. चित्रात नॉबांच्या दोन ओळी होत्या, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आत आकडे वेगळ्याच क्रमाने दिले होते, आणि माझी स्क्रिप्ट शब्दांची रांग आकड्यांच्या रांगेला जोडून मोकळी झाली होती. बुवांच्या कानात त्यांचाच आवाज कित्येक पटींनी मोठा होऊन गेला. काचेपलीकडे हेडफोन आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही, नुसता तानपुरा चालू. मी आत धावलो, वाटेत खुर्चीवर आदळलो. बुवांचा हात कानावर होता; मी त्यांच्या मनगटाला हात लावला तेव्हा कळलं. “काही नाही, जरा झिणझिणलं,” ते म्हणाले. मुद्रण तिथेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान शाबूत होते. पंधरा दिवसांनी ते परत आले आणि उरलेले अभंग गायले. ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांच्या मृदंगवादकांनी मात्र दारात चपला घालताना मला विचारलं, “तुम्हाला दिसत नाही म्हणून झालं का हो ते?” मी म्हणालो, “नाही. मी न तपासलेल्या नावावर विश्वास ठेवला म्हणून झालं.” माझं उत्तर त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण ते खरं होतं. नाव नसलेला पॅरामीटर मी जपून फिरवला असता, एकेक पायरी. चुकीचं नाव होतं म्हणून मी तो बेधडक फिरवला.

त्यानंतरची माझी स्क्रिप्ट चित्र वाचत नाही. ती ऐकते.

तिची रीत अशी. रीपरमध्ये कुठल्याही पॅरामीटरची किंमत आतून शून्य ते एक अशी मोजली जाते. स्क्रिप्ट एकेक पॅरामीटर घेते आणि तो शून्यापासून एकपर्यंत सरकवते. आधी ती इफेक्ट काय किंमत बोलून दाखवतो ते बघते. ‘हर्ट्झ’ असं उत्तर आलं तर तो कंपनसंख्येचा. ‘मिलिसेकंद’ आलं तर वेळेचा. ‘डीबी’ आलं तर पातळीचा. अर्धीअधिक नावं इथेच लागतात. पण माझ्या कंप्रेसरसारखा इफेक्ट सगळ्यांनाच शून्य ते दहा म्हणत असेल तर एकक कळत नाही. मग ती त्याच्यातून आवाज सोडते. एक हजार हर्ट्झचा सूर, अर्धा सेकंद मोठा, अर्धा सेकंद लहान, पुन्हा मोठा, पुन्हा लहान. पलीकडे काय निघतं त्याची पातळी मोजते. लहान आणि मोठा दोन्ही सूर सारखेच वाढले, तर तो आउटपुट. मोठा दबला आणि लहान तसाच राहिला, तर थ्रेशोल्ड किंवा रेशो. मोठा सूर सुरू झाल्यावर दबायला लागणारा वेळ बदलला, तर अटॅक. लहान सूर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ बदलला, तर रिलीज. शंभर हर्ट्झ आणि आठ हजार हर्ट्झचे सूर वेगवेगळे वागले, तर तो फिल्टर. हे सगळं होत असताना हेडफोन बंद असतात आणि शेवटी एक लिमिटर बसवलेला असतो. तो मी पहिल्या दिवशीच बसवला.

तबला शिकताना गुरुजी नवीन तबला हातात आला की तो कडेने टिचकी मारत फिरवायचे आणि कुठे काय बोलतो ते ऐकायचे. मग गठ्ठ्यांना हात घालायचे. स्क्रिप्टला मी तेच करायला शिकवलं.

स्क्रिप्टने दिलेल्या प्रत्येक नावापुढे ‘कच्चं’ हा शब्द लागतो. मी स्वतः कानाने ऐकून खात्री केली की तो काढतो. बुवांच्या प्रसंगानंतरचा हा नियम आहे आणि तो मी कधी मोडला नाही.

तरी चूक झालीच. चौथा पॅरामीटर स्क्रिप्टने ‘निष्क्रिय, कच्चं’ असा लिहिला. सरकवला तरी आवाज बदलत नव्हता. मीही फिरवून पाहिला, मलाही फरक ऐकू आला नाही. ‘कच्चं’ काढून टाकलं. सहा महिने तो तसाच पडून होता. एकदा मृदंगावर हा कंप्रेसर लावून बघत असताना चुकून चारवर हात गेला आणि धुमेचा, म्हणजे मृदंगाच्या डाव्या पुडीचा, आवाज मुठीत धरल्यासारखा आवळला गेला. तोच थ्रेशोल्ड होता, म्हणजे कुठल्या पातळीपासून दाबायला लागायचं ती रेषा. तपासणीच्या वेळी रेशो सगळ्यात खालच्या टोकाला होता, म्हणजे एकास एक. जेवढा आवाज आत येईल तेवढाच बाहेर. रेशो एकास एक असला तर थ्रेशोल्ड कुठेही ठेवा, दाबायला काही उरतच नाही. एका पॅरामीटरचं काम दुसऱ्यावर अवलंबून असतं, आणि मी एकेकाला वेगळं काढून विचारत होतो.

म्हणून जोड्या घेतल्या. तेवीस पॅरामीटरांच्या जोड्या होतात २५३. प्रत्येक जोडीत दोघांच्या तीन-तीन जागा धरल्या, खाली, मध्ये, वर, की नऊ अवस्था. एका अवस्थेला दोन सेकंद. हिशोब सव्वा तासाच्या थोडा पुढे जातो. एका रात्री स्क्रिप्ट लावून मी जेवायला बसलो. खोलीत पूर्ण शांतता होती, कारण स्पीकर बंद होते, पण मला माहीत होतं की आत सूर वाजतोय, थांबतोय, वाजतोय. जेवण झाल्यावर यादी ऐकली. बावीस नावं लागली होती. चौथा थ्रेशोल्ड म्हणून आला होता. फक्त सतरावा राहिला : ‘काहीच नाही, कच्चं.’

तो मी तसाच सोडला. बावीस कळली होती. कामं थांबलेली होती.

पॅरामीटरांची नावं लागली तेव्हा मला त्याच कामातली दुसरी बाजू दिसायला लागली, आणि मनापासून सांगायचं तर मला ती जास्त जवळची आहे. एका अभंगाच्या मिक्समध्ये गळा, मृदंग, हार्मोनियम, टाळ, तानपुरा आणि मागचं झिलकरी मंडळ धरून पंचवीस-तीस ट्रॅक सहज होतात. प्रत्येकावर तीन-चार इफेक्ट. यादीतून खाली जाताना मला ऐकू येतं : रीईक्यू, रीकॉम्प, रीईक्यू, रीईक्यू. रीईक्यू म्हणजे रीपरचा ईक्यू, ठरावीक पट्ट्यांतला आवाज कमी-जास्त करणारा; रीकॉम्प म्हणजे त्याचा कंप्रेसर. कुठला ईक्यू कशासाठी लावला? डोळस मित्र खिडकी उघडून वक्ररेषा बघतात आणि त्यांना एका नजरेत आठवतं. मला प्रत्येक ईक्यू उघडून पट्टे एकामागून एक ऐकावे लागतात. मग त्यासाठीही स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक इफेक्टच्या किमती वाचते आणि इफेक्टच्या नावातच लिहिते : ‘रीईक्यू, २०८ वर ३ डीबी कमी.’

नुसते हर्ट्झ मला परके वाटले. म्हणून स्क्रिप्टला गायकाची पट्टी सांगायची सोय केली. काळी एकला पुरुषाच्या गळ्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, पंचम २०८, तार षड्ज २७७. आता ती म्हणते, ‘मध्य पंचमावर ३ डीबी कमी.’ हे ऐकल्याबरोबर माझ्या मनात जागा तयार होते. बुवांचा पंचम त्या खोलीत नेहमी फुगायचा, खोलीच्या लांबीमुळे. बरोबर, तो कमी केला होता. तबल्यालाही हा हिशोब लागू पडतो. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं होतं की मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांच्या कातड्यावरच्या शाईमुळे त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटींत येऊन बसतात. साध्या ढोलाचे तसे बसत नाहीत. म्हणून तबला सुरात लावता येतो, आणि म्हणूनच त्याचा ईक्यू मला स्वरांत मोजता येतो.

पण ‘मध्य पंचमावर ३ डीबी कमी’ हे काय केलं ते झालं. का केलं, ते स्क्रिप्टला कळत नाही. खोली लांब होती हे तिला ठाऊक नाही. त्या दिवशी बुवांचा घसा बसला होता, हे तर नाहीच. ते मलाच लिहावं लागतं, आणि त्या वेळी लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशी आठवत नाही. म्हणून माझ्या इफेक्टांच्या नावात आता दोन तुकडे असतात. पहिला स्क्रिप्टचा, दुसरा माझा. ‘मध्य पंचमावर ३ डीबी कमी, खोलीचा फुगवटा.’ ‘चार हजारावर २ डीबी जास्त, टाळात गळा बुडतो म्हणून.’ ‘गेट, हार्मोनियमचा भाता.’ ‘रीकॉम्प, धुमेचा घुमारा सावरायला.’

हा दुसरा तुकडा मराठीतच येतो. थ्रेशोल्डला मी थ्रेशोल्डच म्हणतो. त्याला घडवलेला प्रतिशब्द शोधण्यात मला रस नाही, आम्ही सगळे थ्रेशोल्डच म्हणतो. पण घुमारा, जवारी, आस, चाट हे शब्द माझ्या गुरुजींच्या तोंडचे आहेत आणि काचेपलीकडे बसलेल्या वादकाच्याही. मृदंगवादक म्हणाले, “आज कणीक जरा कोरडी झाली, धूम चढतेय,” की मी यादीत ‘धूम’ शोधतो आणि नेमक्या इफेक्टपाशी जाऊन थांबतो. तिथे ‘लो शेल्फ’ लिहिलेलं असतं तर मधे एक भाषांतर करावं लागलं असतं, आणि तेवढ्यात ते पुढची ओळ वाजवायला लागले असते.

देवनागरीची अडचण मात्र खरी आहे. स्क्रीन रीडरचा आवाज इंग्रजी ठेवला तर तो ‘घुमारा’ वाचत नाही, चाचपडतो. मराठी ठेवला तर ‘रीकॉम्प’ रोमन लिपीत आलं की अडखळतो. मी हळूहळू इफेक्टांची नावंसुद्धा देवनागरीत लिहून घेतली, आता एकच आवाज सगळं वाचतो. आणि तो आठ अक्षरांचा जुना नियम आठवला की वाटतं, आपण त्यात कधी मावणारच नव्हतो. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहसा तीन बाइट घेतं, काना-उकारसुद्धा वेगळा मोजून. ‘घुमारा’ला अठरा लागतात. आठ बाइटांच्या जागेत ‘घु’ मावला असता आणि पुढचा ‘म’ मध्येच तुटला असता.

गेली दोन वर्षं मला एक त्रास होता. अभंग संपल्यावर, शेवटचा टाळ विरल्यावर, मागे बारीक ‘सुं’ राहायचं. फार थोडं, पण गळ्याच्या ट्रॅकवर नेहमी. माइकची केबल बदलली. प्रीअँप बदलला. पंखा, फ्रीज, शेजारच्या दुकानातली ट्यूबलाइट, सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी प्रत्येक गाण्याच्या शेवटी हाताने आवाज उतरवायला लागलो.

गेल्या पावसाळ्यापासून एक मुलगी शिकायला येते. एकोणीस वर्षांची, माझ्यासारखीच जन्मतः अंध, हार्मोनियम चांगली वाजवते. तिला पहिल्या दिवशी मी माझ्या नावांची फाइल दिली आणि ‘कच्चं’चा नियम सांगितला. ती यादी पाठ करत बसली. मग म्हणाली, “सर, कंप्रेसरमधला सतरावा कच्चा आहे अजून.”

“त्याला काही होत नाही. सगळ्या जोड्या तपासल्या.”

“सूर वाजवून तपासल्या?”

“हो.”

ती काही बोलली नाही. हेडफोन घातल्याचा आवाज आला, मग तिच्या बोटांचा. बाण वर, बाण खाली. प्लेची कळ तिने दाबलीच नाही, हे मला कळत होतं. गाणं वाजत नव्हतं, सूर वाजत नव्हता. पाच मिनिटं झाली असतील. बाहेर रिक्षा जात होत्या. मी दुसऱ्या कामाला लागलो.

“सर, हा वाढवला की पाऊस येतो.”

“कसला पाऊस?”

“लांबचा. पत्र्यावरचा नाही, झाडांवरचा. शून्यावर आणला की थांबतो. इतके दिवस पाचवर होता.”

जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना स्वतःची एक खरखर असायची. नक्कल करणाऱ्याने तीही हौसेने केली होती, स्क्रूवरच्या गंजासारखी, आणि ती कमी-जास्त करायला एक पॅरामीटर ठेवला होता. माझी स्क्रिप्ट नेहमी सूर सोडून मोजत होती. सुराखाली ती खरखर मोजण्याच्या पलीकडे बुडून जायची. काही न वाजवता ऐकायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

मी खुर्ची सरकवली. तिने हेडफोन माझ्या हातात दिला आणि माझं बोट बाणाच्या कळीवर नेऊन ठेवलं. पाच. चार. तीन. दोन. गेल्या दोन वर्षांतलं माझं ‘सुं’ पायरीपायरीने खाली गेलं आणि शून्यावर विझलं. मी पुन्हा वर नेलं, पुन्हा आलं.

तिने नाव आधीच लिहून ठेवलं होतं. मी बाण दाबला तेव्हा स्क्रीन रीडर बोलला : “पाऊस, कच्चं. शून्य.”

“कच्चं काढू का?” तिने विचारलं.

“थांब,” मी म्हणालो. “आधी बुवांची फाइल उघड. शेवटच्या टाळानंतरची जागा लाव.”